पिकाची खरी सरासरी व तिचा अंदाज

‘शितावरून भाताची परीक्षा’ ही म्हण आपल्या घराघरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. गृहिणी पातेल्यांतून एक शीत काढून बोटांनीं चिरडून पाहते आणि सर्व भात शिजला किंवा नाहीं हें सांगते. बहुधा तिचें म्हणणें खोटें ठरत नाहीं. अडतीवरील व्यापारीहि पोत्यांत टोकदार नळी खुपसून मूठभर दाणे बाहेर काढतो व त्यांवरून सबंध पोत्याचा भाव ठरवितो. परंतु हाच व्यापारी पोत्याच्या तोंडाशीं असलेले दाणे पाहून भाव करूं लागला, तर लबाड विक्रेत्याचें फावेल हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. थोडक्यावरून सर्वांची पारख करतां येते. मात्र तें थोडकें कोठून व कसें काढलें यावर सारी मदार असते.

आज हा पारखीचा प्रश्न शेतकऱ्याच्या दारांत येऊन उभा राहिला आहे. प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६ च्या खरिपापासून सुरू झाली. तीत उत्पन्नांतील सर्वसाधारण घटीची भरपाई एकेका शेतकऱ्याच्या शेतावरून ठरत नाहीं. विम्याचें एकक म्हणून जें क्षेत्र जाहीर झालें असेल, त्याच्या सरासरी उत्पन्नावरून ती ठरते. महाराष्ट्रांत मुख्य पिकांसाठीं हें एकक बहुधा महसूल मंडळ असतें. मंडळांतील थोड्याशा शेतांत पीक कापणी प्रयोग होतात व त्यांवरून सबंध मंडळाचा आंकडा काढला जातो. तो आंकडा जाहीर झाला कीं गांवोगांव एकच प्रश्न विचारला जातो : “माझें पीक तर डोळ्यांदेखत बुडालें, मग मंडळाची सरासरी चांगली कशी निघाली?”

या प्रश्नांत वस्तुतः दोन प्रश्न गुंतलेले आहेत. मंडळाची खरी सरासरी किती हा एक, आणि ती मोजण्यासाठीं केलेला अंदाज कितपत विश्वासार्ह हा दुसरा. हे दोन वेगळे केल्याखेरीज आपली तक्रार कोठें न्याय्य आहे व कोठें नाहीं, हें आपणांस कळणार नाहीं. संख्याशास्त्रांतील अगदीं प्राथमिक अशा दोन-चार कल्पना यासाठीं पुरेशा आहेत. त्या आपल्याच शेतांतील उदाहरणांनीं मांडण्याचा येथें प्रयत्न केला आहे.

समष्टि म्हणजे काय?

ज्या सर्वांविषयीं आपणांस विधान करावयाचें असतें, त्या सर्वांच्या समूहास संख्याशास्त्रांत ‘समष्टि’ म्हणतात. समष्टि माणसांचीच असते असें नव्हे. एका मंडळांत या खरिपांत सोयाबीन पेरलेलीं सर्व शेतें ही एक समष्टि होय. त्याच मंडळांतील तुरीचीं शेतें ही दुसरी, आणि शेजारच्या मंडळांतील सोयाबीनचीं शेतें ही तिसरी.

कोणतेंहि विधान ऐकण्यापूर्वीं तें कोणत्या समष्टीविषयीं आहे हें विचारून घेणें ही पहिली पायरी. पीक कोणतें, क्षेत्र कोणतें, हंगाम कोणता, या तीन गोष्टी ठरल्यावांचून ‘सरासरी’ या शब्दास कांहींच अर्थ उरत नाहीं. ज्या मंडळांत नदीकांठची काळी जमीन व माळावरची मुरमाड जमीन अशा दोन्ही आहेत, तेथें दोन्हींचीं शेतें एकाच समष्टींत मोडतात. माळावरच्या शेतकऱ्याचें पीक करपलें आणि नदीकांठचें तरलें, तर सबंध मंडळाची सरासरी दोहोंच्या मधें कोठेंतरी पडणार. येथें मोजणाऱ्यानें लबाडी केली असें म्हणतां येणार नाहीं. समष्टीच तशी आंखली गेली आहे. अशा शेतकऱ्याची तक्रार एककाच्या आंखणीविरुद्ध असावयास पाहिजे, मोजणीविरुद्ध नव्हे.

प्राचल : एकच, ठाम, पण अदृश्य

समष्टीचा कांहीं विशेष सांगणारी जी संख्या, तिला ‘प्राचल’ असें नांव आहे. मंडळांतील सर्व सोयाबीनचें हेक्टरीं सरासरी उत्पन्न हें एक प्राचल. शेताशेतांतील उत्पन्नांत असलेला फरक सरासरीनें किती, हें दुसरें. ज्या शेतांत खर्चहि भरून निघाला नाहीं अशा शेतांचें शेंकडा प्रमाण, हें तिसरें. मंडळाचें एकूण उत्पादन हें चौथें.

प्राचल ही गोष्ट कोणाच्या मतावर अवलंबून नसते. हंगाम संपला कीं मंडळांतील सर्व शेतांत मिळून जेवढें धान्य पिकलें तेवढें पिकलें. त्यास एकूण क्षेत्रानें भागलें कीं येणारी संख्या एकच आणि ठाम. सरकारास ती कमी वाटली किंवा शेतकऱ्यास जास्त वाटली, म्हणून ती तिळभर हलत नाहीं. अडचण एवढीच कीं ती कोणास दिसत नाहीं. ती प्रत्यक्ष पाहावयाची तर मंडळांतील प्रत्येक शेताचें पीक स्वतंत्र कापून, मळून, वाळवून तोलावें लागेल. सुगीच्या दोन-तीन आठवड्यांत हें कोणत्याहि खात्यास शक्य नाहीं.

‘सरासरी’ या शब्दाविषयीं येथेंच एक सावधगिरी सांगून ठेवतों. समजा, एका शेतकऱ्याचें एक हेक्टर शेत आहे व त्यास ४ क्विंटल पिकलें. दुसऱ्याचें नऊ हेक्टर आहे व त्यास हेक्टरीं १२ क्विंटल पिकलें. शेतांची सरासरी काढली तर ४ व १२ यांच्या मधली ८ येते. पण क्षेत्राची सरासरी काढली तर एकूण ११२ क्विंटल भागिले १० हेक्टर, म्हणजे ११.२ येते. दोन्ही हिशेब बरोबर आहेत, पण तीं दोन निरनिराळीं प्राचलें आहेत. म्हणून कोणी ‘सरासरी’ म्हटलें कीं ती कशाची, हें विचारण्यांत मुळींच संकोच धरूं नये.

अंदाज : हाताशीं येणारी, पण बदलती संख्या

सर्व शेतें मोजतां येत नाहींत म्हणून कांहीं थोडीं निवडून मोजतात. निवडलेल्या शेतांच्या समूहास ‘नमुना’ म्हणावें, आणि नमुन्यावरून काढलेल्या संख्येस ‘अंदाज’. प्राचल स्थिर असतें; अंदाज मात्र नमुना बदलला कीं बदलतो. या दोहोंतील भेद रोनाल्ड फिशर या इंग्रज शास्त्रज्ञानें १९२२ मध्यें आपल्या एका प्रसिद्ध निबंधांत स्पष्टपणें मांडला. त्या वेळीं तो रॉथॅमस्टेड येथील शेतकी संशोधन केंद्रांत काम करीत होता. ज्या शास्त्राची आपण चर्चा करीत आहों, त्याचा मोठा भाग अशा रीतीनें शेताच्या बांधावरच वाढला आहे.

हा भेद लहानशा उदाहरणानें पाहूं. समजा, एका वाडींत प्रत्येकीं एक हेक्टराचीं पांचच शेतें आहेत व त्यांचें उत्पन्न अनुक्रमें ४, ६, ८, १०, १२ क्विंटल आहे. खरी सरासरी ८ क्विंटल. आतां यांपैकीं दोनच शेतें चिठ्ठ्या टाकून निवडावयाचीं आहेत. पांचांतून दोनांच्या जोड्या दहा होतात. त्यांच्या सरासऱ्या ५, ६, ७, ७, ८, ८, ९, ९, १०, ११ अशा येतात. कोणती जोडी निघेल हें चिठ्ठीच्या हातीं. ५ आली तर वाडीचें पीक गेलें असें वाटेल. ११ आली तर उत्तम साधलें असें वाटेल. आणि शेतांत तर कांहींच बदललेलें नाहीं.

परंतु या दहाहि अंदाजांची बेरीज करून दहांनीं भागून पाहा. बेरीज ८० व सरासरी ८, म्हणजे नेमकी खरी सरासरी येते. याचा अर्थ असा कीं, एखादी चिठ्ठी चुकवील. पण चिठ्ठीची पद्धत एका बाजूस झुकलेली नाहीं. ती ना शेतकऱ्याच्या बाजूची, ना विमा कंपनीच्या.

आतां दोनांऐवजीं चार शेतें निवडा. असे पांच नमुने होतात व त्यांच्या सरासऱ्या ७, ७.५, ८, ८.५, ९ येतात. पूर्वीं अंदाज ५ पासून ११ पर्यंत हेलकावत होता. आतां ७ ते ९ च्या आंत आला. नमुना वाढला कीं अंदाज प्राचलाजवळ सरकतो, तो असा.

शेताशेतांतील फरक व प्रयोगांची संख्या

अंदाज किती हेलकावेल हें दोन गोष्टींवर ठरतें. पहिली, शेताशेतांतील फरक. दुसरी, प्रयोगांची संख्या.

फरक मोजण्याची रीत अशी. प्रत्येक शेताचें उत्पन्न सरासरीपासून किती दूर आहे तें काढावें, त्या अंतरांचे वर्ग करून त्यांची सरासरी घ्यावी व शेवटीं वर्गमूळ काढावें. वरील पांच शेतांत अंतरें ४, २, ०, २, ४. वर्गांची बेरीज ४०. पांचांनीं भागून ८. आणि त्याचें वर्गमूळ सुमारें २.८ क्विंटल. यास ‘प्रमाण विचलन’ म्हणतात. हेंहि समष्टीचें एक प्राचलच होय, आणि तें सरासरीइतकेंच महत्त्वाचें आहे. एका मंडळांत सर्व शेतें साडेसात ते साडेआठ क्विंटलांच्या दरम्यान असतील, व दुसऱ्यांत एक क्विंटलापासून पंधरापर्यंत पसरलेलीं असतील. सरासरी दोन्हींची ८ च. पहिल्या मंडळांत कोणी उपाशी नाहीं. दुसऱ्यांत अनेक घरांत बियाणाचेहि पैसे सुटले नाहींत. सरासरी खरी असूनहि माझें शेत बुडूं शकतें, तें याच कारणानें. सरासरी फरकाला पोटांत घालून बसते.

प्रयोगांच्या संख्येचा परिणाम काढण्यासाठीं प्रमाण विचलनास प्रयोगांच्या संख्येच्या वर्गमुळानें भागतात. समजा, एका मंडळांत प्रमाण विचलन ४ क्विंटल आहे व प्रयोग १० झाले. १० चें वर्गमूळ सुमारें ३.१६, म्हणून अंदाजाची सर्वसाधारण चूक सुमारें १.२६ क्विंटल. वीस वेळां असे नमुने काढले तर सुमारें एकोणीस वेळां अंदाज खऱ्या सरासरीच्या अडीच क्विंटल अलीकडे-पलीकडे पडेल. ही चूक निम्मी करावयाची तर प्रयोग दुप्पट करून भागत नाहीं, चौपट करावे लागतात. म्हणजे १० चे ४० करावे तेव्हां ती ०.६३ वर येते. प्रत्यक्षांत आधीं गांव, मग गट, मग शेत अशी टप्प्याटप्प्यानें निवड होत असल्यानें हिशेब यापेक्षां थोडा निराळा असतो. पण त्याची दिशा हीच.

येथें पुष्कळांस एक शंका येते. मंडळांत सोयाबीनचीं दोन-तीन हजार शेतें, आणि निकाल दहा-बारा शेतांवर? वास्तविक अंदाजाची अचूकता शेंकडा किती शेतें निवडलीं यावर फारशी अवलंबून नसते. एकंदर किती निवडलीं यावर असते. चार माणसांच्या आमटींत मीठ पुरेसें आहे किंवा नाहीं हें पाहावयास एक पळी पुरते आणि लग्नघरच्या मोठ्या पातेल्यासहि एकच पळी पुरते. अट एवढीच कीं आमटी चांगली ढवळलेली असावी. शितावरून भाताची परीक्षा होते तीहि याच कारणानें. उकळत्या पाण्यानें भात सारखा हलवून शिजविलेला असतो. शेतें मात्र अशीं ढवळतां येत नाहींत. तेथें ढवळण्याचें काम चिठ्ठीस करावें लागतें.

निवड दैवावर कां सोपवावी?

पूर्वीं आपल्याकडे पिकाचा अंदाज नजरेनें होत असे. सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक धरून गांवाचें पीक किती आणे आलें हें ठरवीत. जुन्या मुंबई इलाख्यांत सारा तहकूब किंवा माफ करण्याचा निर्णय या आणेवारीवर होत असे. १९५७ मध्यें दशमान नाणीं आलीं आणि पुढें आणेवारीची पैसेवारी झाली. ५० पैशांहून कमी पीक म्हणजे टंचाईची स्थिति, हा संकेत महाराष्ट्रांत सर्वांस परिचित आहे. नजरेचा दोष असा कीं ती पाहणाऱ्याच्या मनाप्रमाणें झुकते. साऱ्याची काळजी वाहणाऱ्यास पीक बरें दिसतें आणि सारा भरणाऱ्यास वाईट. शंभर माणसांनीं शंभरदां पाहिलें तरी हा झोंक नाहींसा होत नाहीं, कारण सर्वांची चूक एकाच दिशेनें असते.

बिहार व ओरिसा प्रांतांत जॉन हबॅक या अधिकाऱ्यानें १९२३ ते १९२५ या काळांत भाताच्या उत्पन्नाचे अंदाज घेण्यासाठीं शेतांची निवड दैवावर सोपविण्याची पद्धत वापरली. त्याचा अहवाल १९२७ मध्यें प्रसिद्ध झाला. बंगालमध्यें प्रशांतचंद्र महालनोबीस यांनीं १९३७ पासून तागाखालील क्षेत्राची पाहणी नमुना-पद्धतीनें करण्यास सुरुवात केली. आपल्या सातारा जिल्ह्यांतील बुध या गांवीं १९११ मध्यें जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनीं १९४० नंतर भारतीय कृषि संशोधन परिषदेंत राहून गहूं व भात यांच्या पीक कापणीची पद्धत देशभर शास्त्रशुद्ध पायावर उभी केली. आज आपल्या शेतांत जो प्रयोग होतो त्याचें मूळ या कामांत आहे.

पद्धत थोडक्यांत अशी आहे. मंडळांतील गांवें, गांवांतील गट व गटांतील शेत हीं सर्व यादृच्छिक अंकांच्या तक्त्यावरून, म्हणजे चिठ्ठीप्रमाणेंच, निवडतात. शेत निवडल्यावर त्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यांत उभें राहून लांबीच्या व रुंदीच्या दिशेनें किती पावलें जावयाचें, हेंहि तक्त्यावरून ठरतें. तेथें खुंटी मारून ठराविक मापाचा तुकडा आंखतात. समजा, तुकडा १० मीटर लांब व ५ मीटर रुंद आहे. त्याचें क्षेत्र ५० चौरस मीटर, म्हणजे हेक्टराचा दोनशेवा भाग. म्हणून तुकड्यांत एक किलो धान्य निघालें तर हेक्टरीं दोन क्विंटल धरावयाचे. एक किलोची चूक दोन क्विंटलांची होते, हें ध्यानांत ठेवावें.

खुंटी पडलेली जागा ओसाड निघाली किंवा भरगच्च निघाली, तरी ती बदलावयाची नाहीं हा या पद्धतीचा प्राण आहे. “येथें पीक फारच विरळ आहे, जरा पलीकडे घेऊं” असें म्हणून खुंटी उपटली कीं दैवाची निवड संपली आणि नजरेचा अंदाज पुन्हां सुरू झाला. “साहेब, त्या खोलगट भागांत घ्या, तेथें पीक जळालें आहे” असें शेतकऱ्यानें म्हटलें तरी तीच गोष्ट घडते. दोन्ही बाजूंनीं चूक सारखीच.

लहान तुकड्याचा फसवा हिशेब

सुखात्मे यांच्या पाहण्यांतून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न झाली. तुकडा जितका लहान, तितका हेक्टरीं अंदाज फुगलेला येतो. त्यांनीं १९४६ व १९४७ मध्यें ती प्रसिद्ध केली, आणि मोठे तुकडे कीं लहान तुकडे यावर त्या काळच्या जाणत्यांत मोठा वाद झाला.

याचें कारण कोणाहि शेतकऱ्यास सहज पटेल. दोरीवर पडलेलें रोप आंत धरावें कीं बाहेर, असा प्रश्न पडला कीं कापणाऱ्याचा हात तें आंत ओढतो. समजा, चारी बाजूंनीं केवळ दहा-दहा सेंटिमीटर जास्त कापलें गेलें. १० बाय ५ मीटरचा तुकडा १०.२ बाय ५.२ चा झाला. क्षेत्र ५० ऐवजीं ५३.०४ चौरस मीटर, म्हणजे शेंकडा सहांनीं जास्त. हीच चूक एक मीटर बाजूच्या लहान चौकोनांत झाली तर क्षेत्र १ ऐवजीं १.४४ होतें, म्हणजे शेंकडा चव्वेचाळीसांनीं जास्त. ही चूक चिठ्ठीच्या चुकीसारखी नाहीं. चिठ्ठीची चूक कधीं वर तर कधीं खालीं जाते व प्रयोग वाढविले कीं कमी होते. दोरीची चूक नेहमीं एकाच बाजूस जाते, आणि प्रयोग हजार केले तरी तशीच राहते. ओलें धान्य न वाळवितां तोलणें ही याच जातीची दुसरी चूक होय.

रुपयांत पाहिलें तर

ही सर्व चर्चा पोथींतली वाटूं नये म्हणून तिचा हिशेब रुपयांत करूं. विमा योजनेंत मागील सात वर्षांपैकीं उत्तम अशा पांच वर्षांच्या उत्पन्नाची सरासरी घेऊन तिला ठराविक जोखीम स्तरानें गुणतात. यास उंबरठा उत्पन्न म्हणतात. समजा, एका मंडळाचे सात वर्षांचे आंकडे हेक्टरीं १२, १०, ५, ११, ९, १३, ६ क्विंटल असे आहेत. उत्तम पांच वर्षें १३, १२, ११, १०, ९. त्यांची सरासरी ११. जोखीम स्तर शेंकडा ७० धरल्यास उंबरठा ७.७ क्विंटल.

यंदाच्या प्रयोगांवरून सरासरी ६.१६ निघाली असें धरूं. तूट १.५४, म्हणजे उंबरठ्याच्या शेंकडा २०. विमा संरक्षित रक्कम हेक्टरीं ५०,००० रुपये असेल तर भरपाई १०,००० रुपये. आतां खरी सरासरी तीच राहून निवडींतील केवळ दैवानें अंदाज एक क्विंटलानें वर गेला, म्हणजे ७.१६ आला, तर भरपाई सुमारें ३,५०० रुपये होते. एक क्विंटलानें खालीं गेला, म्हणजे ५.१६ आला, तर ती सुमारें १६,५०० रुपये होते. वर आपण पाहिलेंच कीं, दहा प्रयोगांत सव्वा क्विंटलाची चूक ही सर्वसाधारण गोष्ट आहे. शेतांत कांहींहि न बदलतां हेक्टरीं तेरा हजार रुपयांचा फरक पडतो तो असा.

योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत महसूल मंडळासाठीं दर पिकास किमान दहा प्रयोग सांगितले आहेत, तर गांव किंवा ग्रामपंचायत एकक असल्यास मुख्य पिकासाठीं चार. मंडळाऐवजीं गांव हें एकक करावें अशी मागणी वारंवार होते. तिच्यांत तथ्य आहे. कारण गांवांतील शेतें एकमेकांसारखीं असतात, व गांवाची सरासरी माझ्या शेताच्या जवळची असते. परंतु चारच प्रयोगांवर काढलेला अंदाज हेलकावे फार खातो हेंहि विसरतां कामा नये. एकक लहान मागावयाचें तर त्याबरोबर प्रयोगहि पुरेसे मागावे. आणि तितके प्रयोग हातघाईनें न होतां नीट होतील इतकीं माणसेंहि मागावीं.

शेतकऱ्यानें काय करावें?

कृषि, महसूल व ग्रामविकास या तीन खात्यांचे गांवपातळीवरील कर्मचारी हे प्रयोग करतात. प्रयोग उघड्या शेतांत होतो, लपून नव्हे. म्हणून आपल्या गांवीं प्रयोग आहे असें कळतांच दोन-चार जाणत्या शेतकऱ्यांनीं अगत्यानें हजर राहावें. शेत यादींतलेंच आहे किंवा नाहीं, पावलें तक्त्याप्रमाणें मोजलीं किंवा नाहीं, दोरी ताणलेली आहे किंवा नाहीं, कडेच्या रोपांचा निवाडा एकाच नियमानें होतो किंवा नाहीं, मळणींत दाणा सांडला किंवा नाहीं, तोल व वाळवणी बरोबर झाली किंवा नाहीं, एवढें शांतपणें पाहावें आणि वजन आपल्या वहींत टिपून ठेवावें. ज्याच्या शेताची निवड झाली त्यानें कर्मचारी येण्यापूर्वीं पीक काढूं नये. काढल्यास त्याच्या जागीं दुसरें शेत घ्यावें लागतें व चिठ्ठीची निवड बिघडते.

खुंटी मात्र कोणासहि हलवूं देऊं नये व स्वतःहि हलवूं नये. यंदा आपण ती जळालेल्या पिकांत नेली तर पुढल्या वर्षीं दुसरा कोणी ती भरल्या पिकांत नेईल, आणि त्या वेळीं हरकत घेण्यास आपल्यापाशीं तोंड उरणार नाहीं. शिवाय यंदा खोटा उतरलेला आंकडा पुढील वर्षांच्या उंबरठा उत्पन्नांत जाऊन बसूं शकतो व उंबरठाच खालीं आणूं शकतो. आज मिळालेले चार रुपये उद्यां आपल्याच पोरांच्या भरपाईंतून वजा होऊं शकतात.

तक्रार करावयाची झाल्यास ती नेमकी करावी. ‘सरासरी खोटी आहे’ या ओरडण्यास कोणी उत्तर देत नाहीं. त्याऐवजीं मंडळांत किती प्रयोग ठरले होते व किती झाले, निवडलेलीं किती शेतें बदललीं व कां, प्रत्येक प्रयोगाचें वजन किती आलें, त्या वजनांत आपसांत फरक किती, हे प्रश्न लेखी विचारावे. दहा वजनें हातीं आलीं कीं शाळेंत शिकलेला कोणीहि मुलगा त्यांची सरासरी व प्रमाण विचलन काढून अंदाज कितपत डळमळीत आहे तें सांगूं शकेल.

आपल्या मंडळाची खरी सरासरी कोणासहि दिसत नाहीं, शेतकऱ्यास नाहीं आणि सरकारासहि नाहीं. उभयतांच्या हातीं आहे तो केवळ अंदाज. तो आपल्या सोयीचा यावा अशी इच्छा मनुष्यस्वभावास धरूनच आहे. पण तो सरळ यावा एवढाच आग्रह धरण्यांत शेतकऱ्याचें अंतीं हित आहे. येत्या सुगींत आपल्या शिवारांत खुंटी पडेल, त्या दिवशीं वही घेऊन बांधावर उभें राहण्यास विसरूं नये.